शेवटून दुसरा परिच्छेद

मुकुल कधी खोटं लिहीत नाही. हे त्याचं स्वतःचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे, हीच सगळी पंचाईत.

काशीत दुर्गाघाटाच्या गल्लीत, जिथे समोरून बैल आला की माणसाने मुकाट्याने भिंतीला पाठ लावायची असते, तिथे दुसऱ्या मजल्यावर बसून हा गृहस्थ दुनियेला यंत्रं समजावून सांगतो. घड्याळं, कॅमेरे, हवा शुद्ध करणारे डबे, काय वाटेल ते. कंपन्या वस्तू पाठवतात, हा त्या वापरतो, त्यांच्यावर इंग्रजीत लेख लिहितो आणि वस्तू परत पाठवतो. नोकरी कुणाची नाही. पुण्याची, बंगळूरची, कधी परदेशातली संकेतस्थळं त्याच्याकडून लेख घेतात. आवडला तर पुढचा मागतात, नाही आवडला तर फोनसुद्धा उचलत नाहीत. सणाला सुट्टी नाही, आजाराला रजा नाही, आणि शेजारपाजारचे अजून विचारतात, "मुकुल, कहीं कुछ लगा कि नहीं?"

या धंद्यात त्याने स्वतःची एक रीत बसवली होती. पहिल्या परिच्छेदात माणूस. दुसऱ्यात त्या माणसाची अडचण. मग यंत्र येणार, अगदी नवरदेवासारखं. यंत्रात दोष असला तर तो लपवायचा नाही. छे छे, मुकुल प्रामाणिक माणूस! दोष लिहायचाच, पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिथवर पोचलेला वाचक एक तर कंटाळलेला असतो, नाही तर वस्तू घ्यायची ठरवून बसलेला असतो. शेवटच्या परिच्छेदात पुन्हा माणूस, या वेळी हसरा. त्याची बायको हिमानी बँकेत आहे, कागद वाचायची तिला सवय. ती म्हणायची, "तुझे लेख मी खालून वर वाचते. काय खरं आहे ते लवकर कळतं." मुकुल हसायचा. त्याला ते कौतुकच वाटायचं.

आता खालच्या मजल्याचं सांगते. तिथे राज्य अण्णांचं. अण्णा म्हणजे मुकुलचे वडील, ढुंढिराजशास्त्री, यजुर्वेदाचे नावाजलेले वैदिक. त्यांच्या लांबट खोलीत सकाळ-दुपार विद्यार्थी म्हणायला बसत. पुस्तक समोर नाही, कागद नाही, सगळं गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात. आणि गंमत अशी, की ज्या माणसाचं सगळं आयुष्य कानावर उभं, त्याचेच कान गेले होते. गल्लीतल्या शेंबड्या पोराला ते माहीत होतं, फक्त अण्णांना मान्य नव्हतं. मुलं पुटपुटतात, लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, देवळाची घंटा फुटकी आहे, असा सगळा दोष त्यांनी दुनियेवर ढकलून दिला होता.

तरी शिकवणं थांबलं नव्हतं, आणि ते कसं, ते ऐका. यांच्या शाखेत वेद म्हणताना उजवा हात चालतो. स्वर वर गेला की हात वर, खाली आला की खाली, मध्येच बाजूला. गळा आणि हात जोडीने जातात. अण्णा चार-पाच वर्षं मुलांचे हात बघून शिकवत होते. हात चुकला की ते गरजायचे, "स्वर!" आणि नवख्या मुलाला वाटायचं, काय कान आहेत गुरुजींचे!

हे गुपित ज्याला पुरतं माहीत होतं तो ओजस. परभणीकडचा मुलगा, लहानपणी आला, याच घरात जेवला, याच घरात मोठा झाला. आता चांगला बाविशी-तेविशीतला. गुरुजींना दिसावं म्हणून तो मुद्दाम उजेडाकडे तोंड करून बसायचा आणि हात जरा ठसठशीत चालवायचा. त्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. इतकं जपणारा शिष्य आजकाल बघायला मिळत नाही हो.

मार्गशीर्षात बालाजी घाटावर सभा ठरली होती. ओजस तिथे घन म्हणणार होता. घन म्हणजे एकेक शब्द पुढच्या शब्दांशी उलटसुलट गुंफत सगळी शाखा म्हणायची, महिनाभर, रोज सकाळी, जाणत्या वैदिकांच्या समोर. ते पार पडलं की माणूस घनपाठी झाला, मग मोठमोठ्या पाठशाळा बोलावून नेतात. नाही पार पडलं तर जन्मभर दुसऱ्याच्या यज्ञात मागच्या रांगेत बसायचं. आणि सभेपुढे बसायचं तर आधी गुरूने "बस" म्हणायला हवं. ओजसने सगळं तारुण्य त्या एका शब्दासाठी घातलं होतं.

आणि मुकुल? मुकुललाही लहानपणी त्याच खोलीत पाटावर बसवलं होतं. आठ वर्षांचा असताना अण्णांनी त्याला सगळ्यांच्या देखत उठवलं. म्हणाले, "याचे कान लाकडाचे आहेत. याला इंग्रजी शाळेत घाला." इंग्रजी शाळेत घालणं ही त्या घरात शिक्षा होती. पुढे त्याच इंग्रजीवर घर उभं राहिलं, पण अण्णांनी मुलाच्या कामाबद्दल बरं-वाईट काही एक विचारलं नाही. मुकुल जिन्यावरून वर जाताना खालून ओजसचा आवाज यायचा आणि मागोमाग अण्णांचं "शाब्बास". ती शाब्बासकी कानात काट्यासारखी रुतायची त्याला. लाकडाच्या कानातसुद्धा.

तर एका सकाळी गल्लीतून आरोळी आली, "मुकुल भइया, पार्सल आयल हौ!" डबीत कानाचं यंत्र होतं. नवं, नाजूक, फोनवरून चालणारं. पुण्याच्या संपादिका मुक्ता यांनीच ती गाठ घालून दिली होती. फोनवर त्या म्हणाल्या, "मुकुल, कानाच्या यंत्रावर शंभर जण लिहितात. पण वेद शिकवणारा बहिरा म्हातारा कुणाकडे आहे? तुमच्या घरात आहे! असं लिहा की लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. जमलं तर दर आठवड्याचं सदर तुमचं, नावासकट, फोटोसकट."

मुकुलने अण्णांना कसं तयार केलं ते त्यालाच ठाऊक. "माझ्या कामासाठी हवंय, तुमच्यासाठी नाही," असं म्हणाला असणार, कारण अण्णा तयार झाले. त्याने चित्रण करायला फोन तिपाईवर लावला, यंत्र कानात बसवलं आणि चालू केलं. अण्णा दचकले. डोळे मोठे झाले. खाली चौकात कुणी तरी बादली ठेवली, तिकडे त्यांनी झटकन मान वळवली. ओठ थरथरायला लागले.

"अण्णा, परत एकदा," मुकुल म्हणाला. "डोळे मिटा. मी बंद करून चालू करतो."

"अरे, आलं की ऐकू!"

"ते आलं, पण तोंडावर उजेड नव्हता. जरा खिडकीकडे सरका."

म्हाताऱ्याला पहिल्यांदा ऐकू आलं ते तीन वेळा आलं. तिसऱ्या वेळी अण्णांचा चेहरा दगड झाला होता, म्हणून मुकुलने पहिल्याच वेळचं चित्र उजळून घेतलं. काही म्हणा, यंत्र गुणी होतं. हिमानी ओट्याशी हळूच म्हणाली, "चला, आता ओरडायला नको," आणि अण्णा बैठकीतून म्हणाले, "मीही हेच म्हणतोय, सूनबाई!" सगळे हसले. त्या दिवशी घरात खरोखर आनंद होता, आणि ओजस तर देवाला साखर ठेवून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओजस म्हणायला बसला. अण्णा ताठ बसले होते, कान पुढे करून. ओजसने सुरुवात केली आणि थोड्याच वेळात अण्णा म्हणाले, "थांब. परत."

त्याने परत म्हटलं.

"परत. स्वर हलतोय."

ओजस गोंधळला. हात बरोबर, गळा बरोबर. त्याने घोटभर पाणी घेतलं, पुन्हा धरलं. अण्णांच्या कपाळावर आठ्या. "हे काय म्हणतोस तू? लांबव. लांबव म्हटलं ना! लांबवला की थरथरतो. बकरीसारखा. कधीपासून म्हणतोयस असं?"

ओजसने पुन्हा पहिल्यापासून धरलं. वर मुकुल ऐकत होता. त्याला तर तो आवाज नेहमीसारखाच सरळ लागत होता.

दुपारी अण्णा जेवून आडवे झाले तेव्हा ओजस यंत्र घेऊन वर आला. घाबरलेला. "मुकुलदादा, जरा यंत्रात बघता का? माझ्या म्हणण्यात काही बिघडलेलं नाही हो. शेजारच्या वासुदेवगुरुजींनाही विचारून आलो मी."

मुकुलने यंत्र पुसून स्वतःच्या कानात घातलं. "म्हण."

ओजसने म्हटलं. आणि मुकुलला ऐकू आलं ते भयंकर होतं. सूर लांबला की तो मध्येच डळमळायचा, दबायचा, पुन्हा उसळायचा. कंपनीच्या माहितीत ते लिहिलेलंच होतं, त्याने सकाळीच वाचलं होतं. यंत्र बनवलंय बोलण्यासाठी. एकसारखा लांब सूर आला की त्याला ती स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते तो सूर मोडायला बघतं. गाणं ऐकायचं असेल तर फोनवर 'संगीत' हा पर्याय निवडावा. मुकुलने निवडला. एक बोट. ओजसचा आवाज समईच्या ज्योतीसारखा सरळ उभा राहिला.

आता हे त्याने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की नाही? शेंबडं पोरही सांगेल. पण 'संगीत' चालू केलं की गल्लीचा सगळा गोंगाट जसाच्या तसा आत येत होता, भांडी, भोंगे, कबुतरं, आणि लेखाचा मथळाच मुळी 'गजबजलेल्या गल्लीत स्वच्छ ऐकू येणारं यंत्र' असा ठरला होता. हे झालं एक कारण. दुसरं कारण लाजिरवाणं आहे, पण तेच मोठं. सकाळी खालून "बकरीसारखा" हा शब्द आला तेव्हा मुकुलला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीतून दुसऱ्या कुणाला हाकलल्यासारखं ऐकू आलं होतं. ते आणखी थोडं ऐकावं असं त्याला वाटलं.

त्याने बोट फिरवून यंत्र होतं तसं केलं.

"तुझं बोलणं मला अगदी स्वच्छ ऐकू येतंय," तो म्हणाला. शब्द न् शब्द खरा.

"म्हणजे यंत्र ठीक आहे?"

"कंपनीने जसं बनवलंय तसंच चालतंय बाबा." हेही खरं.

ओजस मान खाली घालून उतरून गेला. यंत्रावर अविश्वास दाखवला याचीच त्याला शरम वाटली असेल. चांगल्या माणसांचं असंच असतं, दोष स्वतःत आधी शोधतात.

पुढचे दिवस काय सांगू. अण्णांना छळायचं नव्हतं, पण छळलं. पहाटेपासून पोराला बसवायचे. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. ओजसचा घसा बसला, मग तर खरंच आवाज थरथरायला लागला. ज्येष्ठमध चघळून, मीठपाण्याच्या गुळण्या करून तो पुन्हा समोर येऊन बसायचा. अण्णांच्या मनात हळूहळू एक हिशेब बसला, आणि तो इतका चोख होता की तिथे दुसरं काही शिरायला जागाच राहिली नाही. एके दिवशी ते सगळ्या मुलांच्या देखत म्हणाले, "मी बहिरा झालो होतो. आता कबूल करतो. इतकी वर्षं मी तुमचे हात बघत बसलो, आणि हात बरोबर आहेत म्हणून गळाही बरोबर आहे असं धरून चाललो. तेवढ्या वर्षांत गळ्यात भलतंच रुजलं. पाप माझं आहे."

शेजारचे वासुदेवगुरुजी मध्ये पडले. अण्णांच्याच वयाचे, जुने सोबती. त्यांनी ओजसला समोर बसवून ऐकलं आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, मुलगा ठीक म्हणतोय. काय चुकतंय ते मला तरी कळत नाही."

"तुम्हालाही म्हातारपण आलंय, वासुदेवराव," अण्णा म्हणाले. "माझ्या कानात यंत्र आहे. तुमच्या कानात काय आहे?"

वासुदेवगुरुजी उपरणं झटकून निघून गेले ते पुन्हा त्या घरात आले नाहीत.

त्या संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता हिमानीने विचारलं, "मुकुल, यंत्रात काही नाही ना रे? ओजस जेवत नाहीये धड."

"प्रत्येक यंत्राला मर्यादा असतात," तो म्हणाला. "लेखात येईलच सगळं."

तिने लाटणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. तो फोनमध्ये तोंड घालून बसला. लेख अर्धा झाला होता आणि फार सुंदर होत होता. पहिल्या परिच्छेदात अण्णा खिडकीशी, तोंडावर उजेड.

सभा तोंडावर आली तेव्हा अण्णांनी ओजसला पाटावरून उठवलं. मुकुल जिन्यात उभा होता, त्याने डोळ्यांनी पाहिलं. अण्णा रडत होते, हे सांगायलाच हवं. म्हणाले, "तुला सभेत बसवलं तर मी वेदाशी बेइमानी केली असं होईल. तुझे कान लाकडाचे निघाले रे ओजस. मला आधी कळलं असतं तर तुझी वर्षं तरी वाचली असती."

ओजसने नमस्कार केला. पेटी घेऊन बाहेर पडला. मुकुल जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला, खोटं कशाला बोला, उतरला. आत्ताच जावं, आत्ताच सांगावं, असं त्याच्या मनात आलं होतं. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. मुक्ताबाई होत्या. लेख त्यांना पोचला होता. "मुकुल, मी रडले हो! खरंच रडले. सदर तुमचं. आणि दोषही किती सभ्यपणे सांगितलाय शेवटी, तुमचं हेच मला आवडतं." मुकुल बोलत बोलत गच्चीवर गेला. खाली उतरला तोवर ओजस गल्लीचं वळण ओलांडून गेला होता.

तो मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर काम करायला लागला असं कानावर आलं. परगावाहून माणसं अस्थी घेऊन, दहाव्या-तेराव्याला येतात, त्यांचे विधी. तिथे स्वर कोण ऐकतो? लोकांना गाडी गाठायची असते. घनाला बसणारा मुलगा धुरात उभं राहून "लवकर आटपा महाराज" ऐकायला लागला.

इकडे सभेचं आमंत्रण फिरलेलं. आता मोडणार कसं? अण्णा म्हणाले, "मी बसतो. शुद्ध कसं म्हणतात ते निदान एकदा तरी कानावर पडू दे लोकांच्या." या वयात! पण ऐकतात थोडेच.

बालाजी घाटावरच्या मंडपात पहिल्या दिवशी चांगली गर्दी झाली. मुकुल सदराचे फोटो काढायला पुढेच बसला होता. अण्णांनी यंत्र नीट बसवलं, डोळे मिटले आणि भरल्या गळ्याने सुरुवात केली. काय आवाज होता! वासुदेवगुरुजी रुसवा विसरून आले होते, त्यांच्या अंगावर काटा आलेला मुकुलला दिसला.

आणि अण्णा अडखळले.

आजवर शिकवताना ते तुकडे म्हणत, आणि कान सगळे ओजसच्या चुकांना लागलेले. आज पहिल्यांदा त्यांनी मोकळ्या गळ्याने लांब सूर लावला आणि तो त्यांना ऐकू आला. तसाच. डळमळता, मोडका, बकरीसारखा. त्यांनी परत धरला. परत तेच. उजवा हात स्वराबरोबर वर गेलेला, तो तिथेच राहिला.

फोन मुकुलच्या हातातच होता. एक बोट. पण आत्ता यंत्र बदललं तर आवाज एकदम सरळ होईल आणि अण्णांना सगळं कळेल. यंत्र, ओजस, आणि समोर फोन घेऊन बसलेला मुलगा. मुकुलने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

अण्णांनी डोळे उघडले. सभेला हात जोडले आणि म्हणाले, "मीच चुकतोय. माझाच गळा गेलाय. मला ऐकू येत नव्हतं, मला कळलं नाही. मुलांनी माझंच उचललं." लोक एकदम बोलायला लागले, "छे, छे, शास्त्रीबुवा, उत्तम चाललंय!" वासुदेवगुरुजी तर उठून उभे राहिले. अण्णांनी कुणाचं ऐकलं नाही. इतक्या वर्षांत काशीतल्या कुठल्याही सभेत असं झालं नव्हतं. मुलगा हाताला धरून घाटाच्या पायऱ्या चढवत होता आणि बाप त्याला सारखं म्हणत होता, "कुणाला सांगू नकोस रे. किती मुलं शिकवली मी. किती मुलं."

घरी आल्यावर त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं. "तुझं काम झालं ना? दे परत पाठवून. यात यंत्राचा दोष नाही." खालची खोली बंद झाली. अण्णा संध्यासुद्धा ओठ न हलवता करायला लागले.

आता हिमानी. तिने छापून आलेला लेख वाचला, तिच्या रीतीप्रमाणे खालून. शेवटच्या परिच्छेदात अण्णा हसत होते. त्याच्या वर दोन ओळी होत्या, सभ्य, नेमक्या: लांबवलेल्या सुरांना हे यंत्र स्वतःची शिट्टी समजून विकृत करतं, गाण्यासाठी किंवा मंत्रपठणासाठी वेगळा पर्याय निवडणं आवश्यक आहे. मंत्रपठणासाठी! शब्दसुद्धा चुकला नव्हता बेट्याचा. हिमानीने लेख घेतला आणि बँकेतून तशीच मणिकर्णिकेवर गेली.

ती परत आली ती ओजसला घेऊनच. मुकुल अण्णांच्या शेजारी बसून डबीला चिकटपट्टी लावत होता. ओजसच्या कपड्यांना धुराचा वास येत होता. त्याने मुकुलकडे पाहिलंसुद्धा नाही. तो अण्णांच्या पायाशी बसला आणि त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडला, "गुरुजी! तुमचा गळा ठीक आहे! माझाही ठीक आहे! यंत्र चुकीचं ऐकवत होतं!"

अण्णांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "माझी समजूत घालायला आलास होय? गुणी आहेस. पण यंत्र कसं चुकेल? ते मुकुलने तपासलंय."

"त्यांना माहीत होतं! त्यांनी लिहिलंय तसं! विचारा त्यांना!"

"हे बघ," अण्णा म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर आला, "मुकुलला काही बोलू नकोस. मी त्याला आयुष्यभर लाकूड म्हटलं. ते माझं चुकलं. त्याच्या शब्दावर देशोदेशीचे लोक वस्तू घेतात, उगीच नाही. तो तपासल्याशिवाय लिहीत नाही. या घरात एकाच माणसाचं काम शुद्ध राहिलं, आणि ते त्याचं." त्यांनी मुलाकडे मान वळवली. डोळे भरले होते. "काय रे? तपासलं होतंस ना तू?"

ज्या शब्दांसाठी मुकुल आठव्या वर्षापासून जिन्यात उभा होता ते हे शब्द. ते मिळाले. हिमानी दारात उभी होती, ओजस त्याच्याकडे बघत होता. हातात डबी, तिच्यावर पत्ता लिहून तयार.

मुकुलने मान हलवली. हो. तपासलं होतं.

"बघ," अण्णा ओजसला म्हणाले.

ओजसने पाठ ताठ केली, खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणायला सुरुवात केली. सभेत म्हणणार होता तेच. उजवा हात चालायला लागला, पूर्वीसारखा ठसठशीत, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेल असा. अण्णा बघत राहिले. आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. हात वर जात होता, खाली येत होता, एक केसाचाही फरक नव्हता. मग अण्णांनी पुढे होऊन तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि हळूच खाली दाबला.

"नको रे," ते म्हणाले. "हात फसवतात. मी कानाने ऐकलंय."

"तपासलं होतं, अण्णा," हिमानी दारातून म्हणाली. ओरडली नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाली. "तपासलं होतं आणि गप्प बसला."

अण्णांनी तिचे ओठ हललेले पाहिले. "काय म्हणाली ती?" त्यांनी मुकुलला विचारलं.

"काही नाही," मुकुल त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला. "चहा टाकते म्हणाली."